हिवाळा झेलणारं जिरेनियम: काय करावे, काय टाळावे

जिरेनियम म्हटलं की महाराष्ट्रात दोन चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक बाल्कनीतल्या कुंडीचं, लालभडक फुलांच्या गुच्छांचं. दुसरं अलीकडचं, तेलासाठी लावलेल्या सुगंधी पानांच्या शेताचं. ही दोन्ही झाडं वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने जिरेनियम नाहीतच. ती पेलार्गोनियम, मूळची दक्षिण आफ्रिकेकडची, आणि कडक थंडीत मरणारी.

खरं जिरेनियम युरोपातल्या कुरणांत आणि हिमालयाच्या उतारांवर वाढतं. बहुतेक जाती हिवाळ्यात जमिनीखाली दडतात आणि वसंतात पुन्हा वर येतात. इंग्लंडमध्ये त्याला हार्डी जिरेनियम म्हणतात, किंवा शेंगेच्या आकारावरून क्रेन्सबिल, म्हणजे क्रौंचाची चोच. ग्रीक भाषेत 'गेरानोस' म्हणजे क्रौंच, त्यावरून जिरेनियम. 'पेलार्गोस' म्हणजे करकोचा, त्यावरून पेलार्गोनियम. दोघांचीही नावं चोचीवरूनच पडली आहेत.

लंडनच्या वायव्येला, हॅरोमध्ये, चिकणमातीच्या बागेत मी अठरा वर्षं ही झाडं लावते आहे. पुढचं बरंचसं इंग्लंडमधल्या आणि तशाच थंड हवेतल्या मराठी घरांसाठी आहे. भारतातल्या वाचकांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे. माझा अनुभव सांगतो की या झाडाला जागा बघून लावावं, वेळेवर कातर चालवावी आणि एरवी त्याच्या वाटेला जाऊ नये. बहुतेक रोपं जातात ती यातलं काहीतरी चुकल्यामुळे.

विकत घेताना

करा: फुलाचा चेहरा बघा. पाचही पाकळ्या सारख्या, बशीसारख्या गोल मांडलेल्या, आणि देठ बारीक असतील तर ते जिरेनियम. वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिन्हींहून वेगळ्या आणि दांडा जाड, मांसल असेल तर पेलार्गोनियम. लिनियसने १७५३ मध्ये दोघांनाही जिरेनियम म्हटलं. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिये यांनी १७८९ मध्ये पेलार्गोनियम वेगळं काढलं. शास्त्रात नाव बदललं, बाजारात जुनंच चालू राहिलं, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू झाला.

टाळा: नुसतं 'जिरेनियम' लिहिलेल्या चिठ्ठीवर भरवसा ठेवणं. पहिल्या वर्षी मे महिन्यात मी सहा रोपं आणली. "बाहेर राहतील ना?" असं विचारलं, तर विक्रेत्याने मान डोलावली. नोव्हेंबरच्या एका रात्री कडक दंव पडलं आणि सकाळी सहाही रोपं उकडलेल्या भाजीसारखी काळी, लिबलिबीत होऊन आडवी झाली होती. चिठ्ठीवर पूर्ण नाव हवं, जातीसकट. ते नसेल तर रोप परत ठेवा.

टाळा: मदेइरा बेटावरच्या राक्षसी जिरेनियमच्या फोटोला भुलणं. जिरेनियम मदेरेन्से हे खरं जिरेनियम आहे, कमरेच्या वर जातं, गुलाबी फुलांचा डोंगर होतो. पण ते कडक दंव सोसत नाही. नावात जिरेनियम आहे एवढ्यावर ते हार्डी ठरत नाही.

करा: कुंडी उलटी करून मुळं बघा. फुलांनी डवरलेलं पण मुळं जेमतेम धरलेलं रोप घेण्यापेक्षा बिनफुलाचं, पांढऱ्या मुळांनी भरलेलं रोप घ्या. पहिलं दोन आठवडे दिसायला छान दिसतं, दुसरं दहा वर्षं टिकतं.

जागा

रोप कुठे लावलं यावर निम्म्याहून जास्त काम होतं किंवा बिघडतं, म्हणून इथे जरा थांबते.

करा: आधी जागा ठरवा, मग जात. जिरेनियमच्या जाती तीनशेच्या वर आहेत. भर उन्हाच्या आहेत, ओल्या कुरणाच्या आहेत, मोठ्या झाडाखालच्या कोरड्या अंधाराच्याही आहेत. "जिरेनियमला ऊन लागतं का?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणतं जिरेनियम, ते आधी सांगावं लागतं.

करा: अर्धा दिवस ऊन आणि ओल धरणारी माती असेल तर 'रोझॅन' लावा. निळसर जांभळी फुलं, मध्यभागी पांढरं, आणि फुलोरा जूनपासून थेट ऑक्टोबरच्या थंडीपर्यंत. आपल्याकडे तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. याचा रंग पाच महिने उतरत नाही. कारण असं की हे संकरित रोप बी धरत नाही. बी धरलं की झाड फुलायचं थांबतं, याला ते थांबणंच ठाऊक नाही.

याची कुळकथा मला फार प्रिय आहे. सॉमरसेटमध्ये डॉनल्ड आणि रोझॅन वॉटरर यांच्या बागेत ते आपसूक उगवलं आणि १९८९ मध्ये त्यांच्या नजरेत भरलं. २००० साली ते बाजारात आलं. २०१३ मध्ये चेल्सी फ्लॉवर शोला शंभर वर्षं झाली तेव्हा लोकांनी मत देऊन शतकाचं रोप म्हणून यालाच निवडलं. आणि याचे आईबाप कोण? जिरेनियम हिमालयेन्से आणि जिरेनियम वॉलिशियानम, दोन्ही हिमालयातले. दुसऱ्याचं नाव कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिक यांच्यावरून आलेलं. इंग्लंडच्या घरोघरी फुललेला तो निळा रंग आपल्या डोंगरांतून आला आहे. परक्या मातीत चांगली मुळं धरलेल्या या रोपाकडे बघताना इथल्या मराठी माणसाला आपुलकी वाटली तर त्यात नवल नाही.

करा: मोठ्या झाडाखालच्या कोरड्या सावलीत मॅक्रोरायझम लावा. जिथे गवत येत नाही, पाऊस पोचत नाही, झाडाची मुळं सगळं शोषून घेतात, तिथेही ते चटईसारखं पसरतं आणि तणाला वर येऊ देत नाही. जाडजूड खोड जमिनीलगत सरपटतं. पान चुरलं की उग्र, औषधी वास येतो. बल्गेरियात याला 'झ्द्रावेत्स' म्हणतात. तिथल्या भाषेत 'झ्द्रावे' म्हणजे आरोग्य, आणि लग्नकार्यात, जत्रेत याची डहाळी मानाची. शरद ऋतूत याची काही पानं तांबडी होतात, बरीचशी हिवाळाभर टिकतात. अवघड कोपऱ्यासाठी एकच रोप सुचवायचं झालं तर मी हे सुचवीन.

करा: ओलसर सावलीत फेअम. काळपट जांभळी, मान खाली घातलेली छोटी फुलं, मे महिन्यात. लांबून दिसत नाहीत, म्हणून वाटेच्या कडेला लावा. मागून ऊन आलं की पाकळ्या दारूच्या पेल्यासारख्या चमकतात.

करा: भर उन्हात, चुनखडीच्या किंवा भुसभुशीत मातीत सँग्विनियम. ठेंगणं, गच्च, किरमिजी. पावसाने ओढ दिली तरी तग धरतं. फिकट गुलाबी पाकळ्यांवर लाल रेघा असलेलं त्याचं 'स्ट्रिॲटम' हे रूप इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या वॉल्नी बेटाकडचं.

टाळा: चिकणमातीत 'बॅलरीना'सारखी डोंगरी, बुटकी रोपं. त्यांना थंडी मारत नाही, थंडीतलं साचलेलं पाणी मारतं. माझी दोन रोपं अशीच गेली. तिसरं उथळ दगडी कुंडीत, निम्मी खडी घालून लावलं, ते आठ वर्षं आहे.

करा: गुलाबांच्या पायाशी लावा. गुलाबाचे खालचे दांडे उघडेबोडके दिसतात, तेवढंच जिरेनियम झाकतं. ट्यूलिप आणि डॅफोडिलसोबतही हेच. त्यांची फुलं संपल्यावर पिवळी पडणारी पानं कापता येत नाहीत, कारण कंद त्यांच्यावरच पोसतो. तोवर जिरेनियमची नवी पानं वर येतात आणि तो पसारा पोटात घेतात.

लावताना

करा: मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा. कुंडीतलं रोप एरवीही लावता येतं, पण भर उन्हाळ्यात लावलं तर पाण्याची पाळी तुमच्यावर.

करा: अंतर सोडा. ठेंगण्या जातींत तीसेक सेंटिमीटर, मध्यम जातींत ४५ ते ६०. 'रोझॅन' एका उन्हाळ्यात पाऊण मीटरपर्यंत हातपाय पसरतं आणि शेजारच्या झुडपांतून वर चढतं. पहिल्या वर्षी वाफा रिकामा दिसला तरी मध्ये काही खुपसू नका.

करा: हरळीसारखं चिवट तण आधी मुळासकट काढा. एकदा जिरेनियमची मुळं आणि तणाची मुळं एकमेकांत गुंतली की संपूर्ण ठोंब उपटून, धुऊन, वेगळा करण्यावाचून इलाज नाही. अर्धा तास आधी खर्चा, वर्षाची कटकट वाचेल.

टाळा: खोल गाडणं. कुंडीत मातीची पातळी होती तीच जमिनीत ठेवा. मॅक्रोरायझम मात्र अपवाद: त्याचं लांबुडकं, उघडं पडलेलं खोड मानेपर्यंत मातीत गाडलं की त्याला जागोजागी नवी मुळं फुटतात.

पाणी आणि खत

करा: पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी. रोज चुळकाभर शिंपडलं तर मुळं वरच राहतात. दुसऱ्या वर्षापासून पावसाने दोन-तीन आठवडे दडी मारली तरच बघा. लंडनला वर्षभरात मिळून जेमतेम ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात तेवढा जुलैच्या एका पंधरवड्यात पडून जातो. पण इथला पाऊस बारा महिने थोडा थोडा येतो, आणि या झाडाला तसाच हवा असतो.

करा: वसंतात बोटभर जाडीचं कंपोस्ट ठोंबाभोवती पसरा. बस.

टाळा: नत्राचं खत. पानं हातभर होतात, दांडे लुसलुशीत होतात, आणि पहिल्या वादळी पावसात झाड मधोमध फाकून पडतं. फुलं कमीच. आपल्याकडच्या सवयीने दर पंधरा दिवसांनी "काहीतरी घालावं" असं वाटतं. हात आवरा.

कातर

लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते कापायला. म्हणून हे नीट सांगते.

जूनच्या अखेरीस प्रॅटेन्स, मॅग्निफिकम, ऑक्सोनियानम या जातींची पहिली बहार ओसरते. दांडे आडवे पडतात, मधोमध भोक दिसतं, पानांवर भुरी यायला लागते. पहिली दोन वर्षं मी एकेक सुकलेलं फूल खुडत बसायची. संध्याकाळचा एकेक तास त्यात जायचा आणि झाड मरगळलेलंच दिसायचं. शेजारच्या वयस्कर बाई कुंपणापलीकडून बघत होत्या. एके दिवशी त्या स्वतःची मोठी कातर घेऊन आल्या, डाव्या हाताने सगळा ठोंब शेंडीसारखा मुठीत धरला आणि जमिनीपासून चार बोटांवर एका झटक्यात कापला. उरले ते खुरटे खुंट. माझ्या पोटात गोळाच आला. त्यांनी बादलीभर पाणी ओतलं, "दोन आठवडे थांब" म्हणाल्या आणि गेल्या. नवव्या दिवशी खुंटांच्या मधून दुमडलेली, पंख्यासारखी, चमकदार पानं वर आली. तीन आठवड्यांत गोल, हिरवागार, स्वच्छ ठोंब तयार होता.

करा: पहिली बहार संपली की सगळी पानं, सगळे दांडे मोठ्या कातरीने कापा. जमिनीपासून पाच ते आठ सेंटिमीटर ठेवा. मग भरपूर पाणी द्या. प्रॅटेन्स, फेअम, ऑक्सोनियानम हे बहुतेकदा पुन्हा थोडे फुलतात. मॅग्निफिकम वर्षातून एकदाच फुलतं. त्याचं कापणं नव्या पानांसाठी.

करा: 'रोझॅन' जुलैअखेर लांबुडकं, विस्कटलेलं वाटलं तर तेही निम्म्यावर कापा. दोन-तीन आठवडे फुलं नसतील. नंतर ऑक्टोबरपर्यंत येतील.

टाळा: सप्टेंबरनंतरची अशी छाटणी. नवी कोवळी पानं फुटतात आणि दंवात होरपळतात. ठोंब मरत नाही, पण उगाच दमतो.

टाळा: कडक उन्हाळ्याच्या कोरड्या आठवड्यात कापून पाणी न देणं. कापल्यावरची पहिली बादली चुकवू नका.

करा: उंच जातींना एप्रिलमध्येच काटक्यांचा आधार द्या. प्रॅटेन्स आणि सायलोस्टेमॉन मीटरभर वाढतात. हेझल किंवा बर्चच्या फांद्या ठोंबाभोवती खुपसून वरची टोकं आत मोडा. मेपर्यंत पानं त्यांना झाकून टाकतात. पडलेलं झाड मागाहून सुतळीने बांधलं तर ते गवताच्या भाऱ्यासारखं दिसतं, आणि आतली पानं कुजतात.

सायलोस्टेमॉनबद्दल एक शब्द: भडक राणी रंग, मध्यभागी काजळासारखा काळा डोळा. इंग्लिश बागांत पुष्कळांना तो रंग अंगावर येतो. पैठणी बघत वाढलेल्या डोळ्यांना तो घरचाच वाटतो. बिनधास्त लावा.

बी

करा: एकदा तरी शेंग पिकताना जवळ बसून बघा. चोच हिरवी असते, मग तपकिरी होते. बुडाशी पाच बिया, प्रत्येक बी एका लवचिक पट्टीच्या टोकाला. उन्हात पट्ट्या वाळतात, ताणल्या जातात आणि एका क्षणी सुटून वर वळतात. बी गोफणीतल्या दगडासारखं दूर फेकलं जातं. दुपारी शांत बागेत टिच्चकन आवाज येतो. तेरड्याचं पिकलेलं बोंड बोटांत फुटलेलं ज्यांना आठवतं त्यांना हे बघताना लहानपण आठवेल.

करा: बी हवं असेल तर चोच तपकिरी व्हायला लागताच दांडा कापून कागदी पिशवीत उलटा टांगा. एक दिवस उशीर झाला तर पिशवी रिकामी.

टाळा: प्रॅटेन्स, ऑक्सोनियानम आणि नोडोसम यांना मोकळं बी टाकू देणं. दोन वर्षांत विटांच्या फटींतही रोपं येतात, आणि ती आईसारखी निघत नाहीत. चांगल्या नावाचा ठोंब आपल्याच पोरांनी गिळलेला मी पाहिला आहे. कातर वेळेवर चालवली की हा प्रश्नही मिटतो.

टाळा: 'रोझॅन'चं बी म्हणून कोणी विकत असेल तर ते घेणं. त्याला बी धरत नाही. पाकिटात दुसरंच काही असणार.

ठोंब फोडणं

करा: तीन ते पाच वर्षांनी, मधला भाग टकलासारखा उघडा पडला की ठोंब काढा. मार्च किंवा सप्टेंबर. कुदळीने भोवती खणा, उचला, माती झटका. दोन काटेकुदळी पाठीला पाठ लावून मधोमध खुपसा आणि फाकवा. कडेचे जोमदार तुकडे ठेवा, प्रत्येकाला दोन-तीन कोंब आणि मूठभर मुळं हवीत. मधला जुना लाकडी भाग टाकून द्या. वाईट वाटतं, पण त्यात आता जीव नसतो.

करा: मॅक्रोरायझमचे तुकडे नुसते मोडून खोचा. बोटभर खोड, टोकाला पानं, दोन तृतीयांश मातीत. माझ्याकडच्या एका रोपाचे आज चौदा घरांत वंशज आहेत. गणपतीला आलेली मंडळी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन जातात.

टाळा: 'रोझॅन' लहान तुकड्यांत फोडणं. त्याचा बुंधा एकाच जाड मुळावर असतो, वेडंवाकडं कापलं तर सगळंच जातं. वसंतात बुडाशी येणारे कोंब थोड्या मुळासकट काढा आणि कुंडीत वाढवा.

रोग, किडी आणि मधमाश्या

जिरेनियमला फार शत्रू नाहीत. गोगलगायी बहुतेक वेळा सोडून देतात, हरणं आणि ससेही सहसा तोंड लावत नाहीत. इथल्या बागेत ही केवढी मोठी गोष्ट आहे हे हॉस्टाची पानं चाळणीसारखी झालेली पाहिलेल्यांना सांगायला नको.

करा: भुरी दिसली की कापा आणि पाणी द्या. कोरडी मुळं आणि कोंदट पानं, दोन्ही एकत्र आली की भुरी येते. फवाऱ्याची गरज पडत नाही.

करा: पानांवर गोल भोकं दिसली तरी शांत राहा. सॉफ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या पानांच्या खाली बसून खातात. फुलं येत राहतात, ठोंब जिवंत राहतो.

टाळा: फुललेल्या झाडावर कीटकनाशक. जूनच्या सकाळी माझ्या ठोंबावर भुंग्यांची रांग असते. पाकळ्यांवरच्या त्या बारीक गडद रेघा त्यांना मधाकडे नेणाऱ्या वाटा आहेत. ख्रिस्तियान कॉनराड स्प्रेंगेल या जर्मन शाळामास्तरांनी १७८७ मध्ये रानजिरेनियमच्या पाकळीच्या बुडाशी मऊ केस पाहिले आणि ते कशासाठी, असं विचारलं. उत्तर सापडलं ते असं: फुलातला मध पावसापासून वाचावा म्हणून. त्या एका प्रश्नातून १७९३ चं त्यांचं पुस्तक झालं, आणि फूल व कीटक यांच्या नात्याचा अभ्यास उभा राहिला. ज्याच्यामुळे एवढं कळलं त्या फुलावर विष फवारू नये.

करा: कुंडीतल्या रोपाची मुळं शरदात तपासा. पाणी असूनही रोप मलूल झालं, हलकं ओढलं आणि हातात आलं, तर मुळांत सोंडकिड्याच्या अळ्या असतात: मलईच्या रंगाच्या, तपकिरी डोक्याच्या, वळलेल्या, साधारण सेंटिमीटरभर. माती बदला, मुळं धुवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, माती उबदार असताना, या अळ्यांवर चालणाऱ्या सूत्रकृमींचं पाणी घाला. जमिनीतल्या ठोंबांना हा त्रास फारसा होत नाही, म्हणून शक्य असेल तर जमीनच बरी.

हिवाळा

करा: जागेवर खूण ठेवा. 'रोझॅन' पूर्ण नाहीसं होतं आणि एप्रिलपर्यंत तोंड दाखवत नाही. मार्चच्या एका उबदार रविवारी रिकामी जागा समजून मी तिथे कुदळ घातली आणि सहा वर्षांच्या ठोंबाचे दोन तुकडे केले. आता प्रत्येक ठोंबाशी बांबूची काठी आहे.

टाळा: डिसेंबरात "मेलं" म्हणून उपटणं. फोन करून मला हेच सांगणारे दरवर्षी तीन-चार जण भेटतात. मेलेलं नाही, झोपलं आहे. बहुतेक जाती उणे पंधराच्या खालची थंडीही सोसतात.

टाळा: ठोंबाच्या डोक्यावर ओल्या पानांचा ढीग. उबेसाठी म्हणून घालतात आणि कोंब कुजतात. आच्छादन भोवती असावं, डोक्यावर नाही.

भारतातल्या वाचकांसाठी

टाळा: पुण्या-मुंबईत किंवा विदर्भात हे रोप लावण्याचा हट्ट. त्याला थंड झोप लागते, ती आपल्याकडच्या हिवाळ्यात मिळत नाही. एप्रिलच्या गरम रात्री आणि जुलैचा मुसळधार पाऊस यांत ते कुजतं. शिमला, नैनिताल, दार्जिलिंगकडे नातेवाईक असतील तर त्यांना जरूर सुचवा.

टाळा: तेलाच्या जिरेनियमची माहिती नुसत्या 'जिरेनियम' या नावाने शोधणं. ते सुगंधी पेलार्गोनियम आहे, त्याची लागवड, कापणी, तेल काढणं, सगळं शास्त्र वेगळं. वर लिहिलेलं काहीही त्याला लागू करू नका.

करा: व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या ट्रेकला गेलात तर वॉलिशियानम शोधा. जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊलवाटेच्या कडेने, जमिनीलगत पसरलेलं. गुलाबी-जांभळ्या पाकळ्या, गडद रेघा, पाच बोटांच्या पंजासारखी पानं. हे 'रोझॅन'च्या आईबापांपैकी एक. गुडघ्यावर बसून फोटो काढा.

टाळा: तिथलं रोप, बी किंवा फांदी आणणं. ते १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २००५ पासून जागतिक वारसा. शिवाय परदेशी जाताना बॅगेत रोपं नेणं हे रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राशिवाय बेकायदा आहे. इंग्लंडमध्ये हेच कूळ रोपवाटिकेत रीतसर विकत मिळतं.

करा: कुंडीतलं पेलार्गोनियम हवंच असेल तर ते पावसाळ्यात वळचणीखाली ठेवा, ऑक्टोबरमध्ये छाटा आणि हिवाळाभर सकाळचं ऊन द्या. पुण्याच्या हिवाळ्यात ते मनापासून फुलतं.

करा: आणि टिच्चकन फुटणारं बोंड मुलांना दाखवायचं असेल तर तेरडा लावा. जूनच्या पहिल्या पावसानंतर वाफ्यात बी टाका, बोटभर रोपं झाली की वीतभर अंतर ठेवून विरळणी करा. भाद्रपदात गौरी आणायला तीच रोपं उपयोगी पडतात. दोन-चार तशीच राहू द्या, बोंडं पिकून पिवळसर झाली की मुलांच्या हातात द्या.